ओलं बोट फिरवू नका

(रेडिओवरील भाषण)

‘पोत’ हा शब्द सोलापुरात तीन जणांच्या तोंडी असतो. शेतकरी जमिनीचा पोत म्हणतो, विणकर कापडाचा पोत म्हणतो आणि हौसेनं मातीकाम शिकणारी मंडळी भांड्याचा पोत म्हणतात. पहिल्या दोघांना पोत कशाशी खातात ते नीट ठाऊक आहे. चादरीचा पोत सुतातून आणि विणीतून येतो, मागाहून वर लावता येत नाही. तिसऱ्यांचं मात्र अजून तळ्यात-मळ्यात चालू आहे. आजची दहा मिनिटं त्यांच्यासाठी.

चाक न वापरता, चिमटीनं, वळ्या रचून किंवा माती थापून घडवलेली, फळांची, सालींची, वारुळांची आठवण देणारी खडबडीत भांडी हा विषय. माती मळायची कशी, वळी जोडायची कशी, हे श्रोत्यांना येतं असं धरून चाललं आहे. बोलायचं आहे ते फक्त एका ओल्या बोटाबद्दल.

होतं असं. वाडगा छान उभा राहतो. बाहेरून बोटांच्या पेरांचे ठसे, कुठे नखाची कोर, कुठे वळीवर वळी बसल्याची रेघ. मग घडवणाऱ्याला शेवटी काय वाटतं कोण जाणे, तो शेजारच्या पाण्यात बोट बुडवतो आणि सगळीकडून फिरवतो. कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं: जरा स्वच्छ दिसावं म्हणून! त्या पाण्यानं मातीतला बारीक गाळ वर येतो, खाचांत जाऊन बसतो, कडा बोथट होतात. वर आणखी सुकत आलेल्या भिंतीच्या फक्त बाहेरच्या पापुद्र्याला पाणी मिळतं. आत एक ओल, बाहेर दुसरी. भांडं सुकताना दोघी वेगवेगळ्या आकसतात आणि तडा जातो. तडा गेला की दोष मातीला.

आता सीताफळ घ्या. बार्शीकडची सीताफळं सोलापूरच्या बाजारात येतात, तेव्हा मातीकामाला बसलेल्या प्रत्येकाला सीताफळाचं भांडं करायची हुक्की येते. प्रस्तुत वक्त्यालाही आली होती. गोल लोटा केला, मातीच्या शंभरएक गोळ्या वळल्या आणि वाळत आलेल्या लोट्यावर पाण्याच्या बोटानं एकेक चिकटवली. भट्टीतून लोटा निघाला तो टकला. गोळ्या सगळ्या तळाशी पडलेल्या.

चूक कळली ती फळ फोडल्यावर. सीताफळाचा ‘डोळा’ वरून चिकटलेला नसतो. एका फुलातले अनेक स्त्रीकेसर एकमेकांना जोडून वाढतात, त्यांचं मिळून ते एक फळ होतं, आणि प्रत्येक डोळा म्हणजे त्यातल्या एकेकाचं बाहेर आलेलं टोक. त्याच्यामागे त्याचा स्वतःचा गर, बहुतेकदा स्वतःची बी. डोळा आतून बाहेर आलेला असतो, तेव्हा भांड्यातही तो आतूनच यायला हवा. लोट्याची भिंत जरा जाड ठेवावी, ती चामड्याइतकी आवळू द्यावी. मग एका हाताची दोन बोटं बाहेरून आधाराला धरून आतून चमच्याच्या पाठीनं हलकेच रेटावं. एक डोळा येतो. त्याला खेटून दुसरा. दोन डोळ्यांमधली खाच आपोआप पडते, ती कोरायला लागत नाही. सीताफळ उतरवणारे ‘डोळे उघडले’ म्हणतात, तेव्हा याच खाचा रुंदावून फिकट झालेल्या असतात. तेवढ्या खाचेत नंतर पांढुरकी माती भरली की झालं. आणि कृपा करून वरून ओलं बोट फिरवू नका.

बाभळीच्या सालीचंही तेच. कोरणी घेऊन साल ‘काढत’ बसणारे पुष्कळ. त्यांची साल नकाशातल्या नद्यांसारखी दिसते. खोड आतून जाड होत जातं आणि बाहेरच्या मेलेल्या सालीला ताणता येत नाही, म्हणून ती फाटते. हेच मातीकडून करून घेता येतं. बोटभर जाड भिंतीची नळी उभी करावी, तिच्या बाहेरच्या अंगाला कोरडी माती चोळावी किंवा सोलापूरच्या उन्हात तिला थोडा वेळ फिरवावं. ऊन इथे फुकट आहे. बाहेरचा थर आवळला, आतला अजून ओला, की आतून हातानं नळी फुगवावी. बाहेरच्या अंगाला बोटसुद्धा लावायचं नाही. साल आपली आपण फाटते, उभी-आडवी, आणि अशी फाटते की कुठल्या कोरणीला जमणार नाही. तापलेल्या काळ्या रानातल्या भेगा दिसायला अशाच, पण त्यांचं कारण उलटं आहे. तिथे आतून कुणी रेटत नाही, पाणी गेल्यानं मातीच आकसते. तो पोत हवा असेल तर कृती निराळी, आणि ती सांगायला आज वेळ नाही.

काळ्या रानाचा विषय निघालाच आहे तर एक इशारा. शेतातली काळी माती उचलून तशीच भांड्याला वापरू नये. बेसॉल्ट खडक झिजून झालेली ही माती पाणी पिऊन फुगते आणि सुकताना तितकीच अंग चोरते. कुंभार तळ्याचा गाळ आणतात, त्यात राख आणि घोड्याची लीद मिसळतात, ते उगाच नाही. लीद आव्यात जळून जाते आणि तिच्या जागी बारीक छिद्रं राहतात. माठातलं पाणी गार होतं त्यात त्या छिद्रांचा मोठा वाटा.

सोलापूरच्या घरात हे सगळं समजावून द्यायला खरं तर भाषण लागू नये, भाकरी पुरे. ज्वारीच्या पिठाला विरी नसेल तर भाकरी कडेनं चिरते. मातीला चिकटपणा नसेल तर वाडग्याची कड तशीच चिरते. तिथे गरम पाण्यानं मळायचं, इथे तळहाताच्या टाचेनं. थापताना मधे जाड आणि कडेला पातळ राहिली तर भाकरी बिघडते, मातीची थापटीही बिघडते. (एका बाबतीत दोघींचं जमत नाही: पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते, माती ओली झाकून ठेवली तर जुनी होईल तशी सुधारते.) भाकरीवर बोटांचे ठसे उमटलेले असतात, ते कुणी पुसत बसत नाही. इथे एखादी मावशी म्हणेल, ‘अहो, पण भाकरीला वरून पाणी फिरवतोच की!’ फिरवता, मावशी, पण तव्यावर टाकल्यावर. दुसऱ्या क्षणाला खाली जाळ आहे. पदर सुटून भाकरी फुगावी म्हणूनच सगळा खटाटोप. भाकरी फुगली की कौतुक. भांड्याच्या भिंतीत ओल राहिली आणि तिची वाफ झाली की भट्टीत फटाका. भांडं आव्यात जाताना आपल्याकडच्या कडक भाकरीसारखं असावं, वाजवलं तर कडकड बोलणारं.

वाजवण्यावरून तेरचे गोरोबाकाका आठवणारच. तेर सोलापूरच्या शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात. संतांच्या डोक्यावर थापटणं मारून कच्चं कोण, पक्कं कोण ते त्यांनी सांगितलं आणि नामदेव रागावले, ही कथा सर्वांना पाठ आहे. पण त्या थापटण्याचं खरं काम कथेत झाकून जातं. चाकावरून उतरलेला माठ जाड आणि बहुधा बुडाशी उघडा असतो. आत हातात धरलेला गोळा आणि बाहेरून थापटणं, अशा माराखाली त्याचं पोट वाढतं, भिंत पातळ होते, बूड मिटतं. म्हणजे चाकावरचा म्हणून ओळखला जाणारा माठसुद्धा अर्धा हातघडणीचाच. थापटण्याचे चपटे ठसे उन्हात तिरपे धरले तर अजून दिसतात.

आणि हातघडण हे आजकालचं फॅड आहे असं कुणी म्हणू नये. घोड नदीकाठच्या इनामगावला १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजनं उत्खनन केलं. ही घोड भीमेला मिळते, आणि पुढे तीच भीमा आपल्या पंढरपूरला चंद्रभागा होते. इनामगावला घराच्या जमिनीखाली लहान मुलांची दफनं निघाली: दोन राखाडी रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवलेले. हे रांजण हातानं घडवलेले. एका दफनाचा रांजण तर चार पायांचा, फुगीर पोटाचा, कच्च्या मातीचा, आणि आत बसलेला माणूस. जवळपास तीन हजार वर्षांपूर्वीची गोष्ट. त्याच गावची जोर्वे पद्धतीची भांडी चाकावरची, तांबडी, चित्रं काढलेली, अतिशय सफाईदार आहेत. चाक येत होतं. तरी मरणाच्या घरासाठी त्यांनी हातानं घडवलेलं भांडं निवडलं. का, ते ज्याचं त्यानं ठरवावं.

नायजेरियाच्या लादी क्वाली यांचं नावही इथे घ्यायला हवं. वळ्या रचून मोठाले घडे करायच्या आणि त्यांच्यावर सरडे, विंचू, साप रेखायच्या. १९५४ मध्ये त्या अबुजाच्या मातीकाम केंद्रात दाखल झाल्या. पुढे त्यांचं चित्र त्यांच्या देशाच्या वीस नायराच्या नोटेवर आलं. त्यांचे सरडे ओल्या मातीत थेट रेखलेले असत, मागाहून डकवलेले नव्हेत. मुद्दा तोच. श्रोते कंटाळले असतील, पण निम्म्यांनी तो ऐकला नसणार, म्हणून पुन्हा: पोत घडवतानाच येऊ द्यायचा आणि आला की ओल्या बोटानं पुसायचा नाही.

गुरू हवा असेल तर घराच्या खिडकीत बघावं. कुंभारमाशी पोटात पाणी भरून आणते, माती कालवते, तिची बारीक गोळी करून जबड्यात धरून येते आणि पातळ पट्टीसारखी ओढून लावते. गोळीवर गोळी. शेवटी सुबक मान आणि बाहेर वळलेला ओठ असलेला इवलासा गडू. आत एक अंडं टांगायचं, नांगी मारून लुळ्या केलेल्या अळ्या भरायच्या, तोंड बंद करायचं. बाहेरून प्रत्येक गोळीचा कंगोरा तसाच. तिला तो पुसावासा वाटत नाही.

सुकवण्याबद्दल दोन वाक्यं. एप्रिल-मे महिन्यात सोलापुरात पारा चाळिशी ओलांडतो, वारा कोरडा. खडबडीत भांड्याच्या उंचवट्यांची टोकं आधी सुकतात, खाचा मागे राहतात. म्हणून भांडं सावलीत ठेवून वर पिळून घेतलेलं गोणपाट घालावं आणि कड झाकलेली ठेवून बूड आधी सुकू द्यावं. टॉवेल चालेल, पण सोलापूरचा टर्किश टॉवेल मऊ मातीवर टाकू नका. त्याच्या फाशांचा ठसा इतका छान उठतो की सीताफळाची बाभळीशी आणि बाभळीची टॉवेलशी गल्लत व्हायची.

भट्टीत पहिला जाळ मंद हवा. शंभर अंशांच्या आसपास थांबावं, उरलेली ओल जाऊ द्यावी. पुढे मातीच्या कणांत बांधलेलं पाणी सुटतं, आणि ५७३ अंशांना वाळूतला क्वार्ट्झ एकदम फुगतो, निवताना त्याच अंशाला एकदम आकसतो. भट्टी घाईनं उघडणाऱ्यांना ती ‘टिंग’ चांगली ओळखीची आहे.

झिलईचं राहिलंच. काचेपलीकडून हात वर झाला आहे, तेव्हा थोडक्यात. पोत असलेल्या भांड्याला बाहेरून जाड झिलई दिली की खाचा बुजतात. पातळ द्यावी, म्हणजे ती उंचवट्यावरून ओघळून खाचेत गडद साठते आणि डोळे उठून दिसतात. आतल्या अंगाला मात्र… ते पुढच्या वेळी. घरी ज्यांची भांडी आत्ता ओली आहेत त्यांनी उठून एकदा गोणपाट बघावं, उन्हानं कडक झालं असेल.