मोटार घूं करते तेव्हा बटन सोडा
(घुग्घुस येथील भाषणाचा गोषवारा)



घुग्घुसच्या मातीखाली कोळसा आहे. शेजारी चंद्रपूरला २९२० मेगावॅटचे वीज केंद्र आहे. तरी आपल्या गावातली कडबा कुट्टीची आणि वेल्डिंगच्या दुकानातल्या ग्राइंडरची मोटार जळते. का जळते, तेवढेच आज बोलू.

थ्री फेज मोटारीला तीन तारांतून वीज लागते. त्यातली एक तार डीपीवर तुटली, किटकॅटमधला फ्यूज उडाला किंवा स्टार्टरचा एक पॉइंट जळला, की मोटार उठत नाही, नुसती घूं करते. आपण काय करतो? पुन्हा बटन दाबतो, पट्ट्याला हात देतो. हात मशीनमध्ये जातो तो असाच. थांबलेली मोटार नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. वायंडिंगचा वास येईपर्यंत वेळ लागत नाही. चालती मोटार एक फेज गेला तरी फिरत राहते, पण तेवढ्याच कामाला सुमारे पावणेदोन पट करंट घेते. म्हणून आवाज बदलला की आधी बंद करा, मग विचार करा.

आता दोष शोधायचा कसा? टेस्टरवर भरवसा ठेवू नका. मोटार चालू असली, तर गेलेल्या फेजवरही वायंडिंगमधून उलटी वीज येते आणि टेस्टर पेटतो. सारख्या वॉटचे दोन बल्ब एकापुढे एक जोडून टेस्ट लॅम्प करा. एकटा बल्ब दोन फेजमध्ये फुटतो. मोटार बंद ठेवून जाणत्या वायरमनकडून पहिला-दुसरा, दुसरा-तिसरा, तिसरा-पहिला असे तिन्ही जोड तपासून घ्या. तिन्ही सारखे पेटले तर लाइन ठीक. एकच जोड नीट पेटला, तर त्या जोडात नसलेला फेज गेला. हीच तपासणी आधी किटकॅटच्या अलीकडे, मग पलीकडे, मग स्टार्टरच्या पुढे करा. जिथे उजेड हरवला, तिथे दोष.

तिन्ही फेज मोटारीपर्यंत येतात आणि तरी ती घूं करते? मेन स्विच पाडा, फ्यूज काढून खिशात ठेवा, पट्टा उतरवा आणि शाफ्ट हाताने फिरवा. जड असेल तर बेअरिंग गेले. हलका असेल तर पट्ट्याविना चालवून पाहा. आता उठली तर मशीन अडकले आहे किंवा व्होल्टेज पडले आहे. व्होल्टेज ८० टक्क्यांवर आले की मोटारीचा जोर ६४ टक्केच उरतो. तरीही उठली नाही, तरच रिवायंडिंगचे दुकान गाठा.

फ्यूजच्या जागी जाड तार बांधू नका. ती तार टिकते, मोटार जळते. ओव्हरलोड रिले मोटारीच्या पाटीवरच्या अँपिअरला लावा. कंडेन्सर लावून दोन फेजवर चालवण्याचा मोह टाळा. डीपीवर स्वतः चढू नका.

दोष डीपीचा निघाला तर १९१२ वर तक्रार द्या. तक्रारीचा क्रमांक, तारीख आणि वेळ वहीत लिहा. २००३ च्या वीज कायद्याच्या कलम ५७ मध्ये ठरलेली सेवा न मिळाल्यास भरपाईची तरतूद आहे. पण ती मागायला कागद लागतो. तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते.

गावात एक टेस्ट लॅम्प आणि एक वही ठेवा. रिवायंडिंगचा पैसा बियाण्याला कामी येईल.