पाइन वृक्षांचा कुलवृत्तान्त

कुमाऊँच्या उतारावरील चीड आणि शिलाँगभोवतालचा खासी पाइन एकापाठोपाठ पाहिले, तर पाहणारा त्यांना सख्खे भाऊ म्हणेल. दोघांच्याही सुयांसारख्या पानांची जुडी तीन-तीनांची. दोघांच्याही लाकडात राळ. हिमाचल प्रदेशातील किन्नौरमध्ये ज्याच्या बिया सुकामेवा म्हणून विकल्या जातात, तो चिलगोजाही तीन सुयांचाच. श्रोतेहो, हे तिघे दिसतात तितके एकमेकांचे जवळचे नव्हेत. हे कशावरून ठरले, तेच आज सांगावयाचे आहे.

घराण्याचा कुलवृत्तान्त लिहावयास बसलेला गृहस्थ प्रथम आडनावाचा माग काढतो. पाइनच्या पेशीतही असे एक आडनाव आहे. पानाला हिरवेपणा देणाऱ्या सूक्ष्म हरितलवकांत स्वतःचा वेगळा डीएनए असतो. बहुतेक फुलझाडांत तो आईकडून येतो. पाइनमध्ये मात्र तो परागकणांबरोबर, म्हणजे बापाकडून उतरतो. अमेरिकेतील लॉब्लॉली पाइनवरील १९८९ सालच्या संशोधनाने हे दाखवून दिले. पेशीकेंद्रातील डीएनएत दोन्ही कुळांची सरमिसळ असते, आणि तो अवाढव्यही असतो. लॉब्लॉलीत त्याची अक्षरे सुमारे २२ अब्ज भरतात. हरितलवकाची पोथी त्या मानाने चिमुकली. जपानी काळ्या पाइनची ती १९९४ साली संपूर्ण वाचली गेली, तेव्हा अक्षरे निघाली १ लाख १९ हजार ७०७.

आता या अक्षरांवरून नाते कसे काढावयाचे? आम्हां सरकारी नोकरांना हे समजावयास कठीण नाही. जुन्या कागदाच्या नकलांवरून नकला होत गेल्या, की एका नकलनविसाची चूक पुढच्या साऱ्या प्रतींत उतरते. तीच ती चूक अनेक ठिकाणी दोन प्रतींत आढळली, तर त्या एकाच मूळ प्रतीवरून निघाल्या, असे मुरलेला कारकून बेलाशक सांगतो. हरितलवकाची पोथीही पिढ्यान्‌पिढ्या अशीच नकलली जाते, आणि चुका क्वचित होत असल्याने जुन्या खुणा टिकून राहतात.

त्यातील दोन जनुके घेऊन शंभरावर जातींच्या पाइनांची तुलना करण्यात आली, आणि तिच्या आधारे २००५ साली नवे वर्गीकरण प्रसिद्ध झाले. त्यात आपला चीड भूमध्य समुद्राकाठच्या पाइनांच्या पंगतीत बसला आहे. आफ्रिकेच्या पश्चिमेस अटलांटिक महासागरात असलेल्या कॅनरी बेटांवरचा पाइन त्याचा निकटचा आप्त. खासी पाइन वेगळ्या शाखेत, पूर्व आशिया व युरोपातील पाइनांबरोबर. हजारो मैलांवरचे नाते घट्ट आणि घरच्या घरी दुरावा! कॅनरी पाइनसारख्या शंकूंचे जीवाश्म भूमध्य समुद्राच्या परिसरात सापडले आहेत, त्यामुळे मधले अंतर पूर्वी इतके रिकामे नव्हते, हे कळते. चिलगोजा तर त्याहून दूरचा. तीन सुया असूनही तो काश्मीर-हिमाचलातील पाच सुयांच्या कैलाकडच्या मोठ्या विभागात पडतो. त्याच्या सुईत एकच वाहिनीपुंज असतो, चिडाच्या सुईत दोन, हे सूक्ष्मदर्शकाने पूर्वीच दाखविले होते. डीएनएने त्यास दुजोरा दिला.

तथापि केवळ आडनावावर विसंबणे धोक्याचे. दत्तक गेलेल्या मुलाचे आडनाव त्याचा जन्म सांगत नाही. तिबेटच्या आग्नेय पठारावर डेन्साटा नावाचा पाइन आहे. तो चीनमधील दोन जातींच्या संकरातून उपजला. त्याच्या काही झाडांत एका पूर्वजाचे हरितलवक आढळते, काहींत दुसऱ्याचे. नुसत्या हरितलवकावरून कोणी निवाडा दिला असता, तर एकाच जातीची दोन घराणी झाली असती! म्हणून अशा ठिकाणी तंतुकणिकांतील डीएनएही पाहतात. पाइनमध्ये तो आईकडून येतो. पितृकुळ आणि मातृकुळ समोरासमोर ठेवले, की संकर उघडकीस येतो.

असल्या वंशावळीचा व्यवहारात उपयोग काय, असे विचारणारे असतातच. त्यांनी चिलगोज्याकडे पाहावे. किन्नौरमध्ये त्याचे शंकू इतके कसून उतरविले जातात, की जमिनीवर पडून रुजण्यास बी फारसे उरत नाही. वनखात्याच्या यादीत तो अनेक जातींपैकी एक. वंशवृक्षावर मात्र त्याच्या फांदीला अवघ्या तीन डहाळ्या आहेत. एक तो स्वतः. दुसरी, साल सोलून निघाल्यासारखी दिसणारा चीनमधील बंजियाना. आणि तिसरी, चीनच्याच युन्नान प्रांतातील स्क्वामाटा, ज्याची नैसर्गिक वाढीची झाडे आज मोजकीच उरली आहेत.