उत्तर मी दिलं, तिथेच चुकलं

(मंडळाच्या गणेशोत्सवात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी कॉम्प्युटरवाला माणूस. आरोग्यावर बोलायचा मला काही अधिकार नाही. पण या बाबतीत एक चूक मी स्वतः केली आहे, तेवढी सांगतो.

कॉव्हेंट्रीत आमची मुलगी झाली, त्यानंतर दहा-बारा दिवसांनी हेल्थ व्हिजिटर घरी येणार होत्या. बाळंतपणासाठी सांगलीहून आलेल्या आईने आदल्या रात्रीच काजळाची डबी देवघरामागे लपवली. "तपासायला येतात रे, उगाच काहीतरी लिहून नेतील!" खरं सांगू, मलाही तीच धास्ती होती.

बाईंनी बाळाचं वजन केलं आणि लाल वहीत लिहिलं. कमरेवरचा जन्मजात निळसर डागही लिहून घेतला. आपल्या बाळांना असा डाग बऱ्याचदा असतो. पुढे कुणी तो माराचा वळ समजू नये, म्हणून ही नोंद! आम्ही जिला चौकशी समजत होतो, ती आमच्याच भल्याची होती.

मग त्यांनी हिला विचारलं, "हल्ली उदास, निराश वाटतं का?" हिला इंग्रजी उत्तम येतं. तरी उत्तर मीच दिलं, "छे, मजेत आहे ती." आई शेजारीच बसली होती. ही गप्प राहिली.

सहा आठवड्यांनी बाई पुन्हा आल्या. या वेळी मला म्हणाल्या, "चहा कराल का?" चहा घेऊन बाहेर आलो तर ही रडत होती. मधले सगळे दिवस तिने एकटीने काढले होते. जीपींकडे उपचार झाले, आज सगळं ठीक आहे. पण तो कप अजून माझ्या हातात आहे असं वाटतं.

आता विचार करा. २०१४ साली सुरू झालेल्या योजनेतून आपल्या शहरात सीरियातली निर्वासित कुटुंबं आली. सरकारी माणसाने दार वाजवलं की काळजात धस्स होईल, असे दिवस बघून आलेली माणसं. तिथे नवरा किंवा दहा वर्षांचा मुलगा दुभाष्या झाला, तर ती आई मनातलं काय बोलणार? म्हणूनच एनएचएसमध्ये घरच्या माणसाऐवजी प्रशिक्षित दुभाषी घ्यावा असं सांगतात. त्याचे पैसे पडत नाहीत, तो फोनवरही मिळतो.

हे आपल्याला नवीन नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना शिकवून 'आरोग्यदूत' केलं. त्या घरोघरी जाऊन नवजात बाळं सांभाळायला लागल्या आणि तिथले नवजात मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ साली ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. त्यांच्या पिशवीत वजनकाटा, औषधं होतीच. पण दार उघडलं गेलं ते येणारी बाई आपल्या बोलीतली, ओळखीची होती म्हणून.

इंग्लंडमध्ये गरोदरपणापासून मूल अडीच वर्षांचं होईपर्यंत अशा पाच भेटी ठरलेल्या आहेत. २०१५ नंतर हेल्थ व्हिजिटरांची संख्या मात्र बरीच घटली. त्यामुळे मिळालेली भेट वाया घालवू नका. काजळ लपवू नका, विचारा. त्यात शिसं असू शकतं. नवीन आलेल्या शेजारणीला सांगा की या बाई मूल न्यायला येत नाहीत.

आणि नवरे मंडळींनो, बेल वाजली की दार उघडा आणि सरळ चहा टाकायला जा. उत्तर तिचं तिला देऊ द्या.