शिक्का कोणीही बनवून देतो!

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात ‘बदलत्या तंत्रज्ञानात व्यवसाय कसा टिकवावा’ या विषयावर सोसायटीतील एका वकील सभासदांनी केलेल्या भाषणाचे शब्दांकन.)



गोंदिया वेगळा जिल्हा झाला 1 मे 1999 ला. त्यानंतर थोड्याच दिवसांत आपल्या सोसायटीची नोंदणी झाली. म्हणजे आताचा सात तालुक्यांचा भंडारा जिल्हा आणि आपली सोसायटी जवळपास एका वयाचे आहेत. या पंचवीस वर्षांत एसटीडी बूथ गेले, फोटो स्टुडिओ गेले, कॅसेटची दुकानं गेली. सचिव साहेब म्हणाले, “तुमचा नोटरीचा धंदा कसा काय टिकला, ते सांगा. आमच्या पोरांना उपयोग होईल.” म्हणून उभा आहे. मी काही उद्योगपती नाही. कचेरीजवळ एक खोली, दोन टेबलं आणि एक लोखंडी कपाट, एवढाच माझा कारभार. तरी सांगतो.

आधी नोटरी म्हणजे काय ते बघू. लोकांना वाटतं, नोटरी म्हणजे गोल शिक्का. आपल्या भाषेत ‘शिक्कामोर्तब’ हा शब्दच आहे. पण जुन्या मराठी महजरांमध्ये शिक्क्याइतकंच महत्त्व साक्षीदारांना होतं. लिहिता न येणारा कुणबी नांगराची निशाणी करायचा, वाणी तागडीची. चार माणसांनी समोर बसून पाहिलं, ऐकलं, मग निशाणी केली, म्हणून तो कागद खरा. इंग्रजांच्या काळात 1881 च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टमध्ये नोटरी नेमायची तरतूद आली. मूळ कायद्यात ती होती कलम 138 मध्ये. होय, आज चेक बाउन्स झाला की ज्या कलमाचं नाव निघतं, तेच! स्वातंत्र्यानंतर 1952 चा स्वतंत्र नोटरी कायदा आला, 1956 चे नियम आले. दहा वर्षं वकिली झाली की अर्ज करता येतो; महिला आणि मागासवर्गीयांना सात वर्षांनी. शिक्का पाच सेंटिमीटर व्यासाचा, साधा, गोल. तो आज कोणत्याही रबरी शिक्क्याच्या दुकानात अर्ध्या तासात बनतो. मग माझ्याकडं यायचं कशाला? माझं आजचं सगळं बोलणं या एका प्रश्नावर आहे.

मी सुरुवात केली तेव्हा दिवसभराच्या कामात निम्म्याहून जास्त काम सत्यप्रतींचं असायचं. जून-जुलैत पोरांच्या ॲडमिशनसाठी मार्कशीट, टीसी, जातीचा दाखला यांच्या झेरॉक्सवर ठप्पे मारून हात दुखायचा. बाहेर आमच्या टायपिस्ट ताई रेमिंग्टनवर प्रतिज्ञापत्रं बडवायच्या. एक चूक झाली की पांढरी शाई, दोन झाल्या की नवा कागद.

मग एकेक धक्का बसत गेला. मुद्रांकाचंच बघा. 2001 मध्ये तेलगीला अटक झाली आणि बनावट स्टॅम्प पेपरचं प्रकरण देशभर गाजलं. त्यानंतर लोक स्टॅम्प पेपर उन्हात धरून बघायला लागले. पुढं फ्रँकिंग आलं, ऑनलाइन भरणा आला. 1 जुलै 2004 ला राज्य सरकारनं जात, उत्पन्न, रहिवास अशा दाखल्यांसाठीच्या प्रतिज्ञापत्रांचा मुद्रांक माफ केला. लोकांच्या भल्याचं झालं, पण त्या गर्दीवर पोट असणाऱ्यांची धाकधूक वाढली. नंतर 9 मार्च 2015 चा शासन निर्णय आला. सरकारी कामाला स्वयंघोषणा आणि स्वयंसाक्षांकन चालेल, म्हणजे आपल्या झेरॉक्सवर आपणच सही करायची! आमच्या गल्लीत त्या वर्षी जूनमध्ये शुकशुकाट होता. ताई म्हणाल्या, “साहेब, आता मी काय टाइप करू?”

त्या प्रश्नाचं उत्तर मला लगेच देता आलं नाही. घरी हिशेब मांडला. सत्यप्रती गेल्या, साधी प्रतिज्ञापत्रं कमी झाली. राहिलं काय? तेव्हा नोटरी कायद्याचं कलम 8 पुन्हा काढून वाचलं. त्यात सत्यप्रतींशिवाय कितीतरी कामं आहेत: दस्तावर सही झाल्याचं प्रमाणित करणं, शपथ देणं, एका भाषेतून दुसऱ्या भाषेत केलेलं भाषांतर तपासून प्रमाणित करणं. आम्ही सगळे एकाच सोप्या कामावर बसलो होतो, कारण त्यात डोकं लागत नव्हतं. मित्रांनो, ज्या कामात डोकं लागत नाही ते मशीन आधी घेऊन जाते. हे कोणत्याही धंद्यात लिहून ठेवा.

मग आम्ही तीन गोष्टी केल्या.

पहिली गोष्ट, ताईंनी श्रीलिपी शिकली, पुढं युनिकोड शिकलं. टाइप करणं हेच त्यांचं काम होतं. हळूहळू त्या मसुदा तयार करू लागल्या. वडिलांच्या नावात सातबाऱ्यावर ‘रामा’, आधारवर ‘रामाजी’, पासबुकात ‘रामचंद्र’, अशा प्रकरणात कोणता कागद कुठं लागेल हे आज त्या मला न विचारता सांगतात. कॉम्प्युटरनं त्यांचं टायपिंग घेतलं, पण ही समज त्यांच्याकडेच राहिली.

दुसरी गोष्ट, भाषांतर आणि परदेशी जाणाऱ्यांची कागदपत्रं. भारत 2005 मध्ये अपोस्टिल कराराचा सभासद झाला. आपल्याच सोसायटीतली किती मुलं आज बाहेर आहेत! जन्माचा दाखला मराठीत, तिकडं हवा इंग्रजीत. इथून भाषांतर करून, प्रमाणित करून, पुढं राज्य शासन आणि परराष्ट्र मंत्रालय, असा रस्ता असतो. तो नीट सांगणारा माणूस जवळ पाहिजे.

तिसरी आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे रजिस्टर. नोटरीला प्रत्येक कामाची नोंद रजिस्टरमध्ये करावी लागते, अनुक्रमांकासह. जिल्हा न्यायाधीश ते तपासू शकतात. पुष्कळांना ही कटकट वाटते. मी उलट केलं. नोंदीसोबत सही, अंगठा, ओळखपत्राचा तपशील आणि शक्य तिथं फोटो. वर्षाचं रजिस्टर भरलं की स्कॅन करून दोन ठिकाणी ठेवायचं. दहा वर्षांपूर्वीचं पान आज पाच मिनिटांत निघतं. कोर्टात साक्षीला गेलो तर कागद माझ्या बाजूनं बोलतो. तंत्रज्ञान माझ्या धंद्यावर आलं, तेव्हा मी त्याला कपाट सांभाळायला बसवलं!

आता तुम्ही म्हणाल, एवढ्यानं धंदा टिकला? नाही. धंदा टिकला ‘नाही’ म्हणण्यानं. एक प्रसंग सांगतो. गाव, तालुका, नावं सांगत नाही.

कोरोनाच्या नंतरची गोष्ट. दोन भाऊ आले. आईचं आममुखत्यारपत्र करायचं होतं. कागद तयार, फोटो चिकटवलेले. म्हणाले, “आई म्हातारी आहे जी, गाडीत बसवत नाही. व्हिडिओ कॉल लावून देतो, तुम्ही पाहून घ्या.” कॉल लावला. मोबाईलवर आई दिसली, मान हलवली. आजकाल बँकेचं केवायसीसुद्धा व्हिडिओवर होतं, मग यात काय, असं कोणालाही वाटेल. मी म्हटलं, रविवारी मीच येतो. त्यांना ते फारसं आवडलं नाही, पण हो म्हणाले.

रविवारी गेलो. पोरांना अंगणात बसवलं. आईजवळ बसून कागद सावकाश वाचला, सोप्या बोलीत समजावला. मग विचारलं, “आजी, हा कागद कशाचा आहे?” ती म्हणाली, “धानाच्या बोनसचा आहे ना जी?” तो कागद तिची शेती विकायचा अधिकार देणारा होता. मी रजिस्टर मिटलं आणि पोरांना आत बोलावून आईसमोरच सगळं सांगितलं. ती खूप वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “मी नाई देत अंगठा.”

ती शेती आजही तिच्या नावावर आहे. ते भाऊ पुन्हा माझ्याकडं आले नाहीत. पण त्या गावातली सात-आठ घरं नंतर आली. व्हिडिओवर मान हललेली दिसते. ती माऊली काय समजून मान हलवते आहे, ते दिसत नाही. कायदा नोटरीला नेमतो तो यासाठी. शिक्का कोणीही बनवून देतो, खात्री करून देत नाही.

अशीच दुसरी ‘नाही’ आहे प्लॉटची. आपल्या भागात अजूनही लोक म्हणतात, “नोटरी करून प्लॉट घेतला.” मंडळी, नोटरीनं प्लॉट घेता येत नाही! 1908 च्या नोंदणी कायद्याप्रमाणे शंभर रुपयांवरच्या स्थावर मिळकतीची विक्री दुय्यम निबंधकाकडं नोंदवावी लागते. मुखत्यारपत्र, करार आणि मृत्युपत्र यांच्या जोडीनं मालकी येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2011 मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केलं. घरातलं सोनं गहाण ठेवून घेतलेला प्लॉट, हातात फक्त गोल शिक्क्याचा कागद, आणि त्याच प्लॉटवर दुसऱ्याचं नोंदणीकृत खरेदीखत. अशी कुटुंबं माझ्या टेबलासमोर रडली आहेत. म्हणून असं काम मी करत नाही, सरळ नोंदणी कार्यालयाचा रस्ता दाखवतो. तेच लग्नाचं आणि घटस्फोटाचं. नोटरीनं लग्न लावू नये, सोडचिठ्ठी करू नये, असं केंद्राच्या विधी विभागानं ऑक्टोबर 2024 मध्ये पुन्हा बजावलं. त्या दिवशीची फी जाते, हे खरं. पण धंदा एका दिवसाचा नसतो.

उद्याचं काय? अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यानं 2012 पासून ऑनलाइन नोटरीला परवानगी दिली, कोरोनात ती पद्धत इतर राज्यांत पसरली. आपल्याकडं सप्टेंबर 2024 मध्ये केंद्राचं नोटरी पोर्टल सुरू झालं. प्रमाणपत्रं, नूतनीकरण ऑनलाइन होऊ लागलं. मसुदा तर आता मोबाईलसुद्धा लिहून देतो. नवे नोटरीही हजारोंनी नेमले गेले. उद्या कायद्यानं स्क्रीनवरून काम करायला सांगितलं तर मीही शिकेन. फक्त त्या स्क्रीनवरही “हा कागद कशाचा आहे?” हे विचारावंच लागेल.

आता घरच्या मंडळींसाठी चार कामाच्या गोष्टी.

फ्लॅट भाड्यानं देताना नोटरीचा करार चालत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत पाहिजे. जबाबदारी घरमालकाची. ऑनलाइन नोंदणी घरबसल्या होते.

सोसायटीत नॉमिनेशन भरा, पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. वारसांचा हक्क वेगळा राहतो. म्हणून मृत्युपत्रही करा. मृत्युपत्राला स्टॅम्प लागत नाही, नोटरी सक्तीची नाही. तुमची सही बघणारे दोन साक्षीदार मात्र लागतात. बघा, माझंच गिऱ्हाईक मी कमी करतोय!

परदेशातल्या मुलानं मुखत्यारपत्र पाठवलं तर महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरा. ते पाकीट कपाटात ठेवून विसरू नका.

आणि कोणाही नोटरीकडं जा, स्वतः जा, कागद वाचून घ्या, रजिस्टरमध्ये सही केल्याशिवाय उठू नका. दरपत्रक भिंतीवर लावणं नोटरीला बंधनकारक आहे, ते बघा. न बघता ठप्पा मारून देणारा स्वस्त वाटतो. उद्या तोच ठप्पा तुमच्याविरुद्धच्या कागदावरही असू शकतो.

तरुण मित्रांनो, तुम्ही औषधाचं दुकान चालवा, राईस मिल चालवा, कॉम्प्युटरवर काम करा. तुमच्या कामातला ‘शिक्का’ कोणता आणि ‘खात्री’ कोणती, हे एकदा वेगळं करून बघा. शिक्का मशीनला देऊन टाका, खात्री आपल्याकडं ठेवा.

पंचवीस वर्षं आपण एका जिन्यानं चढलो-उतरलो, एकमेकांच्या अडीअडचणीला धावलो. पुढच्या पंचवीस वर्षांसाठी सोसायटीला माझ्या मनापासून शुभेच्छा. 

जय हिंद, जय महाराष्ट्र!