बॅच नंबर विचारा

आज पत्रकारितेची पदवी घेणाऱ्या मुलामुलींनो, असले झगे घालून जुन्या हुबळीच्या उकाड्यात इतका वेळ बसलात, त्याबद्दल तुमचं अभिनंदन. प्राचार्य म्हणाले, मराठीत बोललात तरी चालेल. दाजीबान पेठेत वाढलेल्या बाईला हे वेगळं सांगावं लागत नाही.

१९८६ साली मी मुंबईत एका दैनिकात उमेदवारी करत होते. आरोग्य हा विषय माझ्या वाट्याला आला तो महिलांच्या पानातून. राजकारण पुरुषांकडे, गुन्हे पुरुषांकडे, केसगळती आणि काढे माझ्याकडे. त्याच वर्षाच्या सुरुवातीला जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले. मेंदूतला किंवा डोळ्यातला दाब उतरावा म्हणून त्यांना ग्लिसरॉल देत होते आणि त्यात डायएथिलीन ग्लायकॉल निघालं. कारखान्यात वापरायचं रसायन ते. पोटात गेलं की मूत्रपिंडं बंद पडतात. न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग नेमला गेला. तिथे बसून साक्षी ऐकत नि कागद वाचत राहण्यात कुणालाच रस नव्हता, म्हणून मला धाडलं.

तिथे मी जे शिकले ते कुठल्या वर्गात शिकले नसते. माणसं वॉर्डात मेली, पण ते विष आत आलं होतं खरेदीच्या फायलीतून. कंत्राट कुणाला, नमुना कुणी तपासला, परवान्यासाठी कुणी कुणाला फोन केला. १९८८ मध्ये अहवाल विधिमंडळापुढे आला आणि आरोग्यमंत्री भाई सावंतांना पद सोडावं लागलं. त्या रात्री आमच्या कचेरीत चहावर चहा झाला. पुढे शिफारशींवर मी लेख लिहिला, तो कापून कापून राशिभविष्याच्या खाली लागला. इतकी वर्षं झाली, तो राग काही गेलेला नाही.

राग आणखीही आहेत. एका मोठ्या खासगी रुग्णालयाबद्दलची माझी बातमी छापली गेली तेव्हा त्यात रुग्णालयाचं नावच नव्हतं; नुसतं 'शहरातील एक रुग्णालय'. त्याच अंकात शेवटच्या पानभर त्यांची जाहिरात, नावासकट. संपादक म्हणाले, पगार कुठून होतात ते तुला कळत नाही. कळत होतं की! रिक्षाने खांबाला धडक दिली तर रिक्षावाल्याचं नाव, गाव, वय सगळं छापायचो आम्ही.

मुंबई सोडून इकडे आल्यावर एका तालुका रुग्णालयाचं औषधकोठार पाहिलं. सलाइनची खोकी थेट फरशीवर, खालच्या खोक्यांना ओल आलेली. स्टोअरकीपर भला माणूस होता, रजिस्टर पुढे सरकवलं. एका ओळीत पेन्सिलीने 'नमुना पाठवला, रिपोर्ट नाही', आणि त्याच ओळीत पुढे निळ्या शाईने वाटपाचे आकडे, खाली शिल्लक शून्य. मी विचारलं, रिपोर्ट वाईट आला तर? तो म्हणाला, "अक्का, तोवर माल संपलेला असतो."

ते वाक्य मला नोव्हेंबर २०२४ मध्ये आठवलं. इथून पूर्वेला बळ्ळारीत सिझेरियन झालेल्या पाच बाळंतिणी गेल्या आणि संशय रिंगर लॅक्टेट सलाइनवर आला. राज्याच्या तपासणीत ते बनवणाऱ्या कंपनीचं सलाइन आधीच दर्जाहीन ठरलं होतं; केंद्राच्या प्रयोगशाळेने काही बॅचेस योग्य ठरवल्या. दोन प्रयोगशाळा, दोन उत्तरं, आणि मधे बाळंतीण. आणि ते डायएथिलीन ग्लायकॉल? १९३७ मध्ये अमेरिकेत शंभरावर माणसं त्याने मेली, त्यातून त्यांचा १९३८ चा औषध कायदा झाला. आपल्याकडे लेंटिन अहवालानंतरही २०२५ मध्ये छिंदवाड्यात खोकल्याच्या औषधातून तेच निघालं आणि २० हून अधिक मुलं गेली. पहिल्या दिवसांत अटक झाली ती औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरला, आणि कॅमेरे त्याच्याच दारात.

माझं सगळं सांगणं एवढ्यासाठी आहे. डॉक्टरची कॉलर धरणं सोपं, त्याला चेहरा असतो. बॅच नंबरला चेहरा नसतो, म्हणून तो कुणी विचारत नाही. तुम्ही विचारा. मेलेल्याचं नाव लिहून घ्याल त्याच वहीत बाटलीवरचा नंबर लिहून घ्या, नातेवाइकांनी ती फेकून द्यायच्या आत. आणि मंत्री गेला की बातमी संपली असं तुमचा संपादक म्हणेल, तेव्हा ऐकू नका. हे मी तुम्हाला हात जोडून सांगते.

सोमवारी एक अर्ज करा, माहितीच्या अधिकाराखाली. दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर लागते. कर्नाटकच्या नियमानुसार अर्ज दीडशे शब्दांत बसवायचा आणि विषय एकच ठेवायचा, नाहीतर तेवढ्यावरून परत येतो. आपल्या जिल्ह्यात गेल्या तीन वर्षांत नापास झालेल्या औषधांच्या बॅचेस मागा. माल कधी आला, नमुना कधी गेला, रिपोर्ट कधी आला आणि तोवर किती वाटप झालं, असे चार रकाने. पहिले तीन बहुतेक मिळतील. चौथ्यासाठी अपील करावं लागेल. तीस दिवस मोजा आणि करा.