देवमासा : नाव माशाचे, कुळ सस्तनाचे



कापडाच्या दुकानात नवखे गिऱ्हाईक रंग आणि छाप पाहून भुलते. जाणकार मात्र ठाण उलगडून पोत पाहतो, सुताची वीण तपासतो. प्राणिशास्त्रज्ञही प्राण्यांची पारख अशीच करतात. बाह्य रूपापेक्षा शरीराची अंतर्रचना आणि पूर्वजांची परंपरा या दोन कसोट्यांवर ते वर्गीकरण करतात. देवमासा हे याचे उत्तम उदाहरण होय. कारण त्याच्या नावातच चूक दडलेली आहे.

ही चूक एका व्यापाऱ्याला चांगलीच भोवली. डिसेंबर १८१८ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात एक खटला चालला. मत्स्यतेलाची सरकारी तपासणी तेथे कायद्याने सक्तीची होती. सॅम्युअल जड या व्यापाऱ्याने देवमाशाच्या तेलाची तीन पिंपे तपासणीवाचून खरेदी केली. म्हणून तपासनीस जेम्स मॉरिस यांनी त्याच्यावर दंडाचा दावा लावला. देवमासा हा मासा नव्हे, अशी साक्ष डॉ. सॅम्युअल मिचिल या विद्वानांनी दिली. तरीही ज्यूरीने लोकसमजुतीलाच मान दिला आणि निकाल व्यापाऱ्याच्या विरुद्ध गेला!

वास्तविक स्वीडनचे निसर्गशास्त्रज्ञ लिनियस यांनी स्वतःची अशीच चूक साठ वर्षे आधी सुधारली होती. १७३५ मध्ये त्यांनी देवमाशाला माशांत गणले. १७५८ च्या आवृत्तीत मात्र सस्तन प्राण्यांत स्थान दिले. देवमासा फुफ्फुसांनी श्वास घेतो, त्याचे रक्त उष्ण असते, मादी पिलांना दूध पाजते. माशाची शेपटी डावी-उजवीकडे हलते, तर देवमाशाची वर-खाली. त्याच्या वल्ह्यासारख्या पराच्या आत दंड, मनगट व बोटे यांची हाडे असतात. माणसाचा हात, वटवाघळाचा पंख आणि घोड्याचा पुढचा पाय यांतही हाडांची हीच मूळ मांडणी आढळते.

कामे इतकी भिन्न असताना मांडणी एक का? सर्वांचे पूर्वज एक म्हणून, असे उत्तर डार्विन यांनी १८५९ मध्ये दिले. तेव्हापासून संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती ही उतरंड म्हणजे केवळ सोयीचे कप्पे न राहता एक प्रकारची वंशावळच ठरली.

देवमाशाच्या वंशावळीची काही पाने आपल्याच उपखंडात सापडली आहेत. कच्छच्या भूमीत चार कोटींहून अधिक वर्षांपूर्वीच्या, पाय असलेल्या आदिम देवमाशांचे जीवाश्म मिळाले. त्यांतील एकाचे नावच ‘कच्छिसेटस’ आहे. पाकिस्तानातील जीवाश्मांत २००१ मध्ये घोट्याचे असे हाड आढळले की, ज्याची दोन्ही टोके कप्पीसारखी असतात. असे हाड गाय, हरीण, उंट या समखुरी प्राण्यांचेच लक्षण होय. भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांनी काश्मीर भागातून गोळा केलेल्या दगडांतून ‘इंडोह्यस’ या मांजराएवढ्या, हरणासारख्या प्राण्याचे अवशेष निघाले. त्याच्या कानाचे हाड देवमाशासारखे जाड असल्याचे २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. डीएनएच्या अभ्यासाने तर आज हयात असलेल्या प्राण्यांत पाणघोडा हा देवमाशाचा सर्वांत जवळचा भाऊबंद ठरला आहे.

येथे जिज्ञासू श्रावकाच्या मनात प्रश्न उभा राहील, की आपल्या परंपरेतील एकेंद्रिय ते पंचेंद्रिय या क्रमाचे काय? तेथे मुंगी त्रींद्रिय, तर भ्रमर चतुरिंद्रिय. जीवशास्त्र मात्र मुंगी आणि मधमाशी यांना एकाच गणात बसवते. याउलट मासा आणि देवमासा दोघेही पंचेंद्रिय. पण जीवशास्त्रात त्यांचे वर्ग वेगळे. मग खरे कोणते? रोजमेळात नोंद तारखेप्रमाणे होते, खातेवहीत खात्याप्रमाणे. म्हणून कोणतीच वही खोटी ठरत नाही. कोण कोणाच्या कुळातला, हे जीवशास्त्र शोधते. कोणत्या जीवाला किती जाणीव आहे आणि त्याच्याशी कसे वागावे, हे इंद्रियक्रम सांगतो. एका वहीचा हिशेब दुसरीत मागू नये.

मात्र एक गोष्ट दोन्हीकडे समान आहे. वरवरच्या रूपावरून कोणाही जीवाविषयी निर्णय करू नये. खटल्यातील ती तीन पिंपे भरली, ती पिलाला दूध पाजणाऱ्या कुळातील जीवांना मारून. न्यायालयात वाद झाला तो तपासणीचा. त्या जीवांची बाजू मांडायला कोणीच नव्हते. ती मांडण्याची दृष्टी आपल्याला वारशाने मिळाली आहे. ज्ञानाने ती अधिक निर्मळ होवो!