पुरुषांच्या छातीतील गाठ
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



स्तनांच्या कर्करोगाविषयी आपण पुष्कळ ऐकतो. आज मला बोलायचे आहे ते घरातल्या पुरुषांविषयी. कोणाला हसू येईल. पण पुरुषांच्या छातीतही स्तनाचा थोडा भाग असतोच, आणि तेथेही हा रोग होऊ शकतो. शंभर रुग्णांत जेमतेम एक पुरुष. म्हणूनच तो कोणाच्या ध्यानीमनी नसतो आणि उपचाराला उशीर होतो.

परिचारिकेच्या नोकरीत मी असे एक गृहस्थ पाहिले. वय साठीच्या पुढे. गाठ दुखत नव्हती म्हणून वर्षभर कोणाला सांगितली नाही. बायकांचा आजार आपल्याला कसा, ही लाज! अखेर धुणे धुताना बनियनवरचा रक्ताचा डाग पत्नीला दिसला, आणि तिने हट्टाने त्यांना दवाखान्यात आणले.

तेव्हा ही लक्षणे ध्यानात ठेवा. स्तनाग्रामागे कठीण, बहुधा न दुखणारी गाठ, स्तनाग्र आत ओढले जाणे, त्यातून पाणी वा रक्त येणे, कातडीला खळी किंवा न भरणारी जखम, काखेत गाठ. वयात येणाऱ्या मुलांची, किंवा काही औषधांमुळे मोठ्यांची, छाती वाढते. तो कर्करोग नव्हे. पण हा निवाडा घरी बसून करू नये, आणि लेप लावून दिवस काढू नयेत.

डॉक्टर आधी हाताने तपासतात, मग मॅमोग्राफी व सोनोग्राफी करतात. होय, पुरुषांचीही मॅमोग्राफी होते. खात्री मात्र सुईने गाठीचा बारीक तुकडा काढून तपासल्यावरच होते. सुईने रोग पसरतो, ही भीती मनातून काढून टाका. संप्रेरकांवर वाढणारी गाठ आहे का, हेही त्या तुकड्यावरून कळते. पुरुषांत बहुधा ती तशीच असते, आणि शस्त्रक्रियेनंतर गोळ्यांचा उपयोग होतो.

आणखी एक. पुरुषाला हा रोग निघाला, तर त्याचे मूळ कधी कधी आनुवंशिक असते. त्याच्या बहिणींनी व मुलामुलींनीही डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

परळचे टाटा रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. त्याच संस्थेचे केंद्र आज आपल्या खारघरला आहे. नवी मुंबईकरांना लांब जाण्याची सबब उरलेली नाही.

घरी गेल्यावर यजमानांना, सासऱ्यांना, भावाला एवढे सांगाच. ते लाजतील; आपण लाजू नये.